चांगुणामावशीच्या वाट्याचे शब्द

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आलो. राहतो मानपाड्याला, डोंबिवलीतल्या एका कॉलेजात क्रिप्टोग्राफी शिकवतो — म्हणजे माहिती कुलूपबंद कशी ठेवायची याचं गणित. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण सांगायला दुसरी जागा उरली नाही.

जनार्दन माझा मित्र. दिवा स्टेशनजवळच्या जुन्या गावातला आगरी माणूस, आमच्याच कॉलेजात लॅब सांभाळतो. त्याची आई, चांगुणामावशी, धवलारीण होती — लग्नात धवले गाणारी. अक्षरओळख नाही, पण गाणी मात्र असंख्य, सगळी तोंडपाठ. जनाने ती रेकॉर्ड केली. त्यातलं एक कुणीतरी उचललं, त्याला डीजेचे ठोके लावले आणि ते गावोगावच्या हळदीत वाजायला लागलं. मावशीने अन्न सोडलं. "देवाचा गाना हाय तो, नाचाचा नाय," एवढंच म्हणायची.

तेव्हा मीच सुचवलं, की गाणी कुलूपबंद करू आणि किल्लीचे तीन भाग करू. एक मावशीकडे, एक जनाकडे, एक माझ्याकडे. कुठलेही दोन भाग एकत्र आले तरच उघडेल. एकट्या भागावरून काहीही कळत नाही. वर्गात मी असं सांगतो — भिंतीत एकच खिळा असेल तर त्याची दोरी कुठल्याही दिशेला ताणता येते. दुसरा ठोकला की रेघ पक्की झाली. प्रत्येक भाग म्हणजे साध्या मराठी शब्दांची एक रांग होती, आणि एक शब्द जरी चुकला तरी प्रोग्राम लगेच नाकारायचा.

मावशीला वाचता येत नव्हतं. म्हणून तिच्या कानाला हेडफोन लावले, शब्द लॅपटॉपच बोलून दाखवणार होता, आणि आम्ही दोघं अंगणात जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ती हसत बाहेर आली.

"चाल लावली रं बाला. आता कुलूप पन गानार मी!"

ती रांग तिने कुणालाच ऐकवली नाही. जनाने गमतीत विचारली, तर त्यालाही नाही.

पुढे मावशी झोपेतच गेली. खाडीत अस्थी सोडायला जना वाकला आणि त्याच्या खिशातला फोन पाण्यात पडला. त्याचा भाग त्या फोनमध्येच होता, दुसरीकडे कुठेही नाही. उरला फक्त माझा... म्हणजे एकच खिळा.

मग जनाच्या मुलीचं, तन्वीचं लग्न ठरलं आणि तो माझ्या मागेच लागला. "अरे काहीतरी कर ना यार! आजीच्या आवाजाशिवाय हलद कशी लावाची पोरीला?" माझ्याकडे एक भाग असणं आणि काहीच नसणं सारखंच आहे, हे मी त्याला किती वेळा समजावलं! मान हलवायचा, आणि आठवड्याभराने पुन्हा विचारायचा. त्याचा चेहरा बघवत नसे.

हळदीच्या दिवशी कल्याणहून बोलावलेली धवलारीण गात होती. तिने मावशीला कधी पाहिलंही नव्हतं. ऊन उतरलं होतं, बायका नवरीभोवती बसल्या होत्या आणि मी मांडवाच्या कडेला सरबत पीत होतो. गाता गाता तिच्या तोंडून आलं — पापणी, तराजू, शेवगा, उंबरठा... एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द, पण पक्के चालीत! किल्लीच्या रांगा अशाच असतात. एकेक शब्द फोनवर टाइप करत गेलो. मग घरात जाऊन लॅपटॉपवर आधी माझा भाग टाकला, त्याखाली हे शब्द.

उघडलं.

स्पीकर लावला. मावशीचा आवाज मांडवात आला तशी कल्याणची बाई गाता गाता थांबली. तन्वीला हळद लागली ती आजीच्या धवल्यावर. जना खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मीही रडलो, लपवत नाही.

घोळ नंतर झाला. लग्न पार पडल्यावर जनाने विचारलं, शब्द मिळाले कुठून? मी सांगितलं. आम्ही त्या धवलारणीला फोन लावला. "नाय वो सर, असला काय मी गायलाच नाय." मग हळदीचे व्हिडिओ काढून बघितले. मी मांडवात दिसतो — मान खाली, फोनवर टाइप करताना. आणि मागे ती गातेय, नेहमीचा, सगळ्यांना पाठ असलेला धवला. एकही वेगळा शब्द नाही.

जनाने व्हिडिओ बंद केला. 

"आयनी मना नाय सांगितलान, आन तुला सांगितलान?"

"अरे, शपथ घेतो, तिने मला कधीच—"

"मंग इतके दिवस मना रडवलास कशाला?"

प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला, कुठेही फट नाही. ते शब्द अंदाजाने सापडणं शक्यच नाही, हे मी फळ्यावर मांडून दाखवू शकतो. म्हणजे एकतर मावशी गेल्यावर मला सांगून गेली, नाहीतर जिवंतपणी सांगितलं आणि मी दाबून ठेवलं. एखादा विद्यार्थी हे घेऊन माझ्याकडे आला असता, तर मी दुसरी शक्यताच खरी धरली असती... आणि वर त्याची टरही उडवली असती.

जना लॅबमध्ये भेटतो, कामापुरतं बोलतो. घरी बोलावत नाही. तो मला खोटारडा समजतो, आणि त्याला चूक ठरवायला माझ्याकडे काहीही नाही. मावशी, सांगायचंच होतं तर पोराला का नाही गं सांगितलंस?