गड सर केल्याबद्दल सत्कार

सह्याद्रीच्या माणसाला उंचीचं भय नसतं. उंची त्याच्या रक्तातच असते. हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं. आम्ही दोघेही जीवधन गडाच्या पायथ्याशी वाढलो, त्यामुळे ते खोटं म्हणायची मला कधी हिंमत झाली नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी आम्ही एका सहलीबरोबर पेरूला गेलो. दादाला माचू पिच्चू हा इंकांचा गड चढायचा होता. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी दोघांना विरळ हवेसाठी गोळ्या दिल्या होत्या. कुस्को या उंचावरच्या शहरात पोचण्याच्या आदल्या दिवशी मी त्या बाहेर काढल्या.

"जीवधन चढताना गोळी व्हती का रं?" दादा म्हणाला. "तुमी मास्तर लोक लई भित्रे राव."

"राहू दे मग," मी म्हणालो. आणि बाथरूममध्ये जाऊन माझी घेतली.

कुस्कोत दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्या इंकांच्या भिंती दाखवत होता. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. दादाने शिवनेरीचं नाव काढलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पुढच्या गल्लीत तो पायरीवर बसला. ओठ जांभळे पडले होते.

"घरी सांगू नको," एवढंच म्हणाला.

तिथल्या डॉक्टरने ऑक्सिजन लावला आणि वाटाड्यामार्फत विचारलं, "गोळी घेतली होती?"

"नाही," दादा म्हणाला.

"आणि तुम्ही?"

मी दादाची नळी सरळ करू लागलो.

"आत्ताच्या आत्ता खाली न्या," डॉक्टर म्हणाला.

गाडीत दादाचे डोळे मिटले की मी हाक मारायचो. दोनदा त्याने ओ दिली नाही. घाटाचा रस्ता खाली उतरत राहिला, शेजारी मक्याची शेतं लागली, तेव्हा कुठे तो पुटपुटला, "वरडू नको, झोपू दे की." त्यानंतर त्याने चहा मागितला आणि मला रडू आलं.

दोन दिवसांनी त्याने गड पाहिला. तिथे तो शिवनेरीबद्दल भरपूर बोलला.

परतल्यावर, आम्ही आता राहतो त्या वारूळवाडीत सत्कार झाला. शाल, नारळ, मागे फ्लेक्सवर दादाचा हातभर फोटो. माईक हातात आल्यावर दादा म्हणाला, "एक गोळी घेतली न्हाई!" टाळ्या पडल्या. व्यासपीठावर त्याच्या शेजारी बसून मीही वाजवल्या.

कुस्कोहून माचू पिच्चूला जाताना जवळजवळ हजार मीटर खाली उतरावं लागतं. डॉक्टरने दादाला खाली पाठवलं, ते त्याच रस्त्याने.