दह्याच्या निवळीचं क्रीम

मी बंगळूरला आले ती जंतू पकडायला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. झाले आणि बोम्मसंद्र्यातल्या एका लहान कारखान्यात नोकरी लागली. तिथे कोल्ड क्रीम आणि बॉडी लोशन बनायचं आणि दुसऱ्याच कंपन्यांच्या नावाने बाजारात जायचं. प्रत्येक लॉटमधला चिमूटभर माल काचेच्या प्लेटवर पसरायचा, दोन-तीन दिवस उबेत ठेवायचा आणि त्यावर काही उगवलं तर तो लॉट अडवायचा, एवढंच माझं काम. त्यामुळे कारखान्यात मी फारशी कुणाची आवडती नव्हते.

एके दिवशी साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, परदेशातलं एक प्रदर्शन बघून परत आले आणि मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब कन्नडिग, माझ्याशी हिंदीत बोलायचे.

"आतापर्यंत तू क्रीममधले जंतू शोधत होतीस," ते म्हणाले, "आता घालायचे."

त्यांनी तिकडे कुठेतरी ऐकलं होतं, की दह्यात असतात तसले चांगले जंतू कातडीलाही चांगले. प्रोबायोटिक हा शब्द त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारला, की त्यांना नातू झाला असावा असं वाटलं. त्यांना हवं होतं थंडीत हातपाय मऊ ठेवणारं क्रीम, आणि त्यात जिवंत जंतू.

आमचे मुख्य केमिस्ट तमिळ होते, पन्नाशी उलटलेले. आयुष्यभर त्यांनी क्रीम टिकवण्याचंच काम केलेलं. मी त्यांना साहेबांचा बेत सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जंतू असलेल्या क्रीमला आपल्याकडे आधीच एक नाव आहे," ते म्हणाले. "रिजेक्ट."

पण हुकूम तो हुकूम. चांगल्या, शुद्ध जंतूंची बाटली एका संस्थेकडून मागवायची होती आणि ती यायला दीड-दोन महिने लागणार होते. साहेबांना तेवढा धीर नव्हता. तेव्हा मी माझ्या घरमालकिणीकडे वळले.

मल्लेश्वरममध्ये मी ज्यांच्याकडे राहायचे ते घराणं मराठी, पण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरमालकिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणायचे. त्यांची मराठी मला पहिले पंधरा दिवस अर्धीच कळत होती. त्यांचं दही मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं, सुरीने कापावं असं.

"विरजण हवंय थोडं, अक्का. क्रीममध्ये घालायचंय."

"हेप्पु?" त्यांच्याकडे विरजणाला हाच शब्द. "अंगाला लावायच्या क्रीमात?"

"हो."

"सरी," त्या म्हणाल्या आणि वाटी भरून दिली. "दूध स्वल्प कोमट असू दे. घाई केलीस तर मोसरू रुसतं." मोसरू म्हणजे दही.

ती वाटी मांडीवर धरून मी मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्टँडपर्यंत सिटी बसने आणि तिथून बोम्मसंद्र्यापर्यंत कंपनीच्या बसने गेले. होसूर रोडवरच्या प्रत्येक खड्ड्याला सगळी बस माझ्या वाटीकडे बघत होती.

पुढचे दोन महिने काही जमलं नाही. क्रीम टिकावं म्हणून जे औषध घालतात ते घातलं, की अक्कांचे जंतू एका रात्रीत मरायचे. नाही घातलं, तर ते जगायचे आणि सोबत हवेतले आगंतुकही येऊन राहायचे. चौथ्या दिवशी क्रीमवर हिरवी लव दिसायची. शेवटी मी मधला मार्ग काढला. औषध अगदी थोडं घातलं, आणि ओलावा धरून ठेवायला मध. वर चंदनाचा वास. तीस बरण्या भरल्या. क्रीम इतकं सुरेख दिसत होतं, की मुख्य केमिस्टनासुद्धा खोट काढता आली नाही. आठवडाभर ठेवून बघू, एवढंच म्हणाले.

साहेबांनी ठेवलं नाही. शहरात ब्यूटी पार्लरं चालवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना त्यांनी दोनच दिवसांनी वेळ दिली. एप्रिल महिना. बरण्या सकाळपासून गाडीत उन्हात होत्या. दुपारी आम्ही त्या बाईंच्या ऑफिसात पोचलो, साहेबांनी सहा बरण्या टेबलावर मांडल्या आणि बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, हे क्रीम जिवंत आहे."

तेवढ्यात टप्प असा आवाज झाला आणि एका बरणीचं झाकण हलकेच वर उचललं गेलं. फेस आला. साहेब थांबले. मग दुसरी बरणी. तिसरीचं झाकण तर उडून बाईंच्या वहीवर जाऊन बसलं. बाईंनी ते बाजूला केलं, बरणी नाकाशी नेली आणि शांतपणे माझ्याकडे बघितलं.

"डोसे कधी घालणार?" त्यांनी विचारलं.

परतीच्या वाटेवर साहेब एक शब्द बोलले नाहीत. मागच्या सीटवर उरलेल्या चोवीस बरण्या अधूनमधून बोलत होत्या.

"घरच्या दह्यात यीस्टही असतं," मुख्य केमिस्ट दुसऱ्या दिवशी म्हणाले. "तू त्याला मध खाऊ घातलास." ते हसले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. शिकलेली मी, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. त्या संध्याकाळी मी अक्कांच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. अक्का मात्र झाकण वहीवर बसलं तिथे इतक्या हसल्या, की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

हसत हसतच त्या दही फडक्यात बांधत होत्या. खाली पातेल्यात निवळी ठिबकत होती. बांधून झालं, तशी त्यांनी ती निवळी ओंजळीत घेतली आणि हातांना कोपरापर्यंत चोळली.

"हे काय करताय?"

"लहानपणापासून करते. भांडी घासून हात फाटतात ना."

मी त्यांचा हात हातात घेतला. साठीतल्या बाईचा हात, रोज राखेने आणि पावडरने भांडी घासणारा, आणि माझ्या हातापेक्षा मऊ. आम्ही जंतू जगवायच्या मागे लागलो होतो. जंतूंनी दह्यात जे करून ठेवलं होतं आणि निवळीत उतरलं होतं, तेच कामाचं होतं. ते जगोत की मरोत.

दुसऱ्या दिवशी मी हे मुख्य केमिस्टना सांगितलं.

"म्हणजे शेवटी सगळे जंतू मेलेले असणार?" त्यांनी खात्री करून घेतली.

"सगळे."

"मग मी मदत करतो."

एव्हाना संस्थेची बाटलीही आली होती. तिच्यातले जंतू घालून दही लावलं, निवळी काढली, तापवली, गाळली. तिच्या आंबटपणाने क्रीम फुटायचं. मुख्य केमिस्टनी थोडा क्षार घालून तो उतरवला आणि टिकवायचं औषधही पुरेपूर घातलं. माझ्या प्लेटवर काहीही उगवलं नाही.

साहेब खट्टू झाले. लेबलवर 'जिवंत' लिहूया, कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. लिहिलंत तर लॉट पास झाल्याची सही मी करणार नाही, असंही सांगितलं. मुख्य केमिस्ट माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि चष्मा पुसू लागले. साहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "आधी लावून तर बघा कुणाला," ते म्हणाले.

डिसेंबरची कोरडी हवा होती आणि पॅकिंगच्या बायकांचे हात पुठ्ठ्याने फाटलेले. त्यांच्यातल्या बाराजणी तयार झाल्या. प्रत्येकीला दोन डब्या दिल्या: उजव्या हाताला नवं क्रीम, डाव्याला आमचं नेहमीचं, तीन आठवडे. तीन आठवड्यांनी मी वही घेऊन हात तपासायला बसले, तर अकराजणींचे दोन्ही हात सारखेच मऊ. नव्या क्रीमच्या डब्या चाटूनपुसून रिकाम्या, जुन्या जवळजवळ भरलेल्या. एकीने सासूच्या टाचांना लावलं होतं, एकीने तर म्हशीच्या फाटलेल्या सडांना. बारावी तेवढी प्रामाणिक निघाली. तिने दोन्ही हात माझ्यासमोर ठेवले.

"नवरा विचारतो," ती म्हणाली, "हा उजवा हात कुणाचा आणलास."

माझ्या वहीतला तक्ता वाया गेला. पण मुख्य केमिस्टनी रिकाम्या डब्यांची रांग बघितली आणि म्हणाले, याहून चांगला निकाल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही.

लेबलवर 'दह्याच्या निवळीसह' असं छापलं गेलं. पुढच्या थंडीत ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने बाजारात आलं. एका शनिवारी मल्लेश्वरमच्या एका दुकानात मी दंतमंजन घेत होते, तर कॉलेजातली एक मुलगी तीच डबी हातात घेऊन उभी. तिने झाकण उघडून वास घेतला, लेबल वाचलं, नाक मुरडलं आणि माझ्याकडे वळून कन्नडमध्ये विचारलं, हे कसं आहे?

माझं कन्नड भाजीपुरतं होतं. मी म्हटलं, चांगलं आहे. तिला ते पुरेसं वाटलं नाही. तिने दुकानदाराला विचारलं, आणि तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, बायका परत येऊन नेतात.

तिने डबी घेतली. लहान नाही, मोठी.