दहापैकी दहा

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप तयार होतात आणि असमाधानी इंजिनिअर तयार होतात. पंपाला दोन वर्षांची गॅरंटी असते, इंजिनिअरची कुरकुर निवृत्तीपर्यंत टिकते. मी स्वतः डिझाइनला आहे, वरच्या मजल्यावर, आणि कुरकुर करण्यात कुणाला हार जाणारी नाही. तेव्हा मी हे कुणाला नावं ठेवायला सांगते आहे असं समजू नका.

या सगळ्या मालात एकच नग बिघडलेला निघाला, आणि तो नेमका माझ्या ताईचा नवरा.

भाऊजी टेस्टिंगला. आवाराच्या टोकाला पत्र्याची शेड, जमीन कायम ओली, आत बोलायचं तर ओरडून. तयार झालेला प्रत्येक पंप तिथे येतो. त्याला बोल्टांनी आवळायचा, पाणी भरायचं आणि चालू करायचा. आधी तो नुसताच घरघरतो, आपल्याला जमणार नाही असं सांगितल्यासारखा. मग अचानक पाणी धरतो. पाइप थरारतो, गेजचा काटा चढायला लागतो, आणि भाऊजी पंपाच्या पाठीवर तळहात ठेवून असे उभे राहतात की जणू परीक्षेचा निकाल लागलाय आणि पोरगं पास झालंय. हे रोज, दर पंपाला. घरी जेवताना म्हणायचे, "आज एकाने फार छळलं. पण धरलं हं शेवटी." कुणी, काय धरलं, हे ताईने विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं.

आता आमच्याकडची रीत सांगते. पगारवाढीच्या आधी एचआर प्रत्येक इंजिनिअरला विचारतं, तुम्ही कामात किती समाधानी आहात, एक ते दहा. यात एक लिहायचा नाही. एक लिहिणारा सोडून जाणार असं समजून त्याच्या जागी माणूस शोधायला लागतात. पाच लिहायचे नाहीत, कारण पाचवाल्याला वाढ कशाला? दोन ते चारमध्ये राहायचं. त्यातही सगळ्यांनी तीन लिहिले तर संगनमत वाटेल, म्हणून दोन कुणी आणि चार कुणी हे कँटीनमध्ये आधी वाटून घेतात. एका बोल्टच्या मापावरून महिनाभर भांडणारी माणसं, पण यावर चहा गार व्हायच्या आत त्यांचं एकमत होतं.

टेस्टिंगचे फॉर्म इतकी वर्षं तिथले मुख्य भरायचे. त्या वर्षी मात्र सर्व्हे थेट ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आला. भाऊजींनी हात पुसले, प्रश्न वाचला आणि दहा लिहून टाकले. खाली सूचनांच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही. संध्याकाळी पंप बंद करायला लावतात, तेवढं नको होतं.'

एचआरला आधी वाटलं, सर्व्हेच बिघडला. मग वाटलं, माणूस बिघडला, म्हणून त्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि काही सापडत नाही असं लिहून दिलं. तेव्हा कुठे मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की आपल्या हाती घबाड लागलंय. समाधानी इंजिनिअर! दुसऱ्या कंपनीला वास लागला तर पळवून नेतील.

आठवड्याभरात भाऊजींचा पगार दुप्पट झाला आणि ते 'प्रमुख, कार्यसमाधान' झाले. पहिल्या मजल्यावर काचेची खोली, सोफा, गालिचा, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. काम एवढंच, की नोकरीसाठी मुलाखतीला आलेले उमेदवार आणि परदेशी पाहुणे काचेतून बघतील तेव्हा समाधानी दिसायचं. एचआरच्या बाई पाहुण्यांना हळू आवाजात सांगायच्या, "हेच ते." कारखान्यात त्यांचं नावच पडलं, दहा.

"पण बाई, मी इथे करायचं काय?" भाऊजींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सर, तुम्ही काही करायचं नाही. फक्त आहात तसे राहा."

बाईंना कोण सांगणार की ते होते तसे खाली राहिले होते! त्या खोलीत पंपाचा आवाज पोचत नव्हता. काच दुहेरी होती.

नव्या पदामुळे तो प्रश्न आता त्यांना दरमहा यायला लागला. भाऊजींना खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, या गुणाचा घरात फार त्रास होतो. ताईच्या नव्या साडीबद्दल त्यांना विचारायची आमची हिंमत होत नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी सात लिहिले. एचआरची पाचावर धारण बसली. समाधानाचा प्रमुखच घसरला म्हटल्यावर तातडीची बैठक झाली आणि पगार वाढवला. पुढच्या महिन्यात पाच. पुन्हा पगारवाढ आणि सोफ्याला नवं कापड. मग चार.

इकडे बाकीच्या इंजिनिअरांनी तोंडात बोटं घातली. आयुष्यभर आम्ही खोटेखोटे दोन लिहून चिल्लर वाढ घेत आलो, आणि हा गडी दहावर चढून एकेक पायरी उतरतोय, दर पायरीला पैसे घेऊन! केवढा मुरलेला निघाला! जेवणाच्या सुट्टीत लोक त्यांच्या खोलीत शिकवणीला यायला लागले. "साहेब, सातावरून एकदम पाच कसं जमवलंत?" भाऊजी खरं तेच सांगायचे, "बसून बसून जीव गुदमरतो हो." लोक ते वाक्य पाठ करून जायचे.

ताई सुरुवातीला खूश होती. का नसावी? नवा फ्रिज आला, पडदे आले. मग एकदा पहाटे भाऊजी उठून इमारतीच्या तळाशी गेले आणि त्यांनी टाकीचा पंप चालू केला. दुसऱ्या दिवशीही केला. गच्चीवरची टाकी भरून वाहायची, पाणी जिन्यातून खाली यायचं, वरच्या मजल्यावरचे लोक चप्पल हातात घेऊन दारात भांडायला यायचे. आणि हे आपले त्या इवल्याशा पंपावर हात ठेवून उभे.

"पगार वाढत चाललाय गं," ताई मला म्हणाली, "पण माणूस संपत चाललाय. काल मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काहीच झालं नाही, आठ महिन्यांत काहीच झालं नाही. तू त्याच कारखान्यात आहेस ना? त्यांना खाली परत पाठव. मला नको तो पगार."

मी तडक एचआरच्या बाईंकडे गेले. बाईंनी कॉम्प्युटरचा पडदाच माझ्याकडे फिरवला. "मॅडम, पगार खाली आणता येत नाही. सिस्टिममध्ये वजाबाकीच नाहीये. आणि एवढ्या पगाराचा माणूस टेस्टिंगला बसला तर तिथल्या मुख्यांचा पगार त्याच्या खाली दिसेल. शिवाय ती जागा भरली आहे."

जागा रडतरावला मिळाली होती. हे आम्हीच ठेवलेलं नाव. कँटीनमध्ये वाटणी व्हायची तेव्हा हा माणूस स्वतःहून दोन मागून घ्यायचा. त्याचा चेहरा पाहिला तर दूध नासेल. मी शेडमध्ये जाऊन त्याला म्हटलं, "तुम्हाला इथे कंटाळा येत असेल ना? बदली मागा की. मी शब्द टाकते."

तो कावराबावरा झाला. आजूबाजूला पाहिलं, मला पाइपांच्या मागे नेलं आणि कानाशी ओरडून म्हणाला, "मॅडम, कुणाला सांगू नका. मला आवडायला लागलंय."

"काय?"

"तो पाणी धरतो ना, तेव्हा असं..." त्याने छातीवर हात ठेवला. "सुट्टीच्या दिवशीपण आठवण येते. बायको म्हणते, झोपेत हसता. आता पगारवाढ जवळ आलीये, फॉर्म येईल, आणि मी काय तोंड दाखवू?"

मी कपाळाला हात लावला. एक माणूस वर कुढतोय, एक माणूस खाली चोरून सुखी आहे, आणि लाज वाटतेय ती सुखी माणसाला. आम्ही इंजिनिअर म्हणवतो!

भाऊजींना मी हे सांगितलं. ते त्याच दुपारी जेवणाचा डबा न उघडता शेडमध्ये गेले आणि रडतरावला म्हणाले, "माझा अर्धा पगार घे. रोज एक पंप मला चालू करू दे."

जन्मभर पगारासाठी रडलेल्या त्या माणसाने मान हलवली. "पैसे नकोत. पंपही देणार नाही. पण शेजारी येऊन उभा राहा. हे एकट्याने बघवत नाही रे."

तेव्हापासून भाऊजी दुपारी काचेच्या खोलीतून गायब व्हायला लागले. सोफ्यावर कोट ठेवून जायचे. पाहुणे लांबून कोट बघून समाधान मानायचे. महिनाअखेरीला मोबाइलवर आकडा गेला, आठ. एचआरने सोफ्याचं कापड विणणाऱ्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

आणि एका दुपारी मोठे साहेब स्वतः परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. त्यांना कोट नको होता, माणूस हवा होता. बाई उंच टाचांच्या चपला सावरत, मागे पाच-सहा पाहुणे, असा सगळा ताफा शोधत शोधत शेडमध्ये शिरला. मी आरडाओरडा ऐकून वरून धावत आले होते. पाहते तर एक मोठा पंप नुकताच पाणी धरत होता, भाऊजी आणि रडतराव खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि रडतराव हसत होता. मी त्याचे दात पहिल्यांदाच पाहिले.

बाईंचे डोळे चमकले. मला लगेच कळलं, वर दुसरा सोफा ठेवायला जागा आहे.

"सर," बाई रडतरावला म्हणाल्या, "तुम्ही कामात समाधानी आहात का?"

त्याचा चेहरा क्षणात नासला. "छे! कसलं समाधान? नुसती हमाली आहे. दोन! फार तर दोन!"

बाई भाऊजींकडे वळल्या. "आणि आमचे सर तर काय, विचारायलाच नको. हो ना सर?"

भाऊजी पंपाकडे बघत राहिले. तळहात त्याच्या पाठीवरच होता. हो म्हटलं की पुन्हा वर. आणि या माणसाला खरं सोडून काही येत नाही हे मला माहीत होतं. ओठ दोनदा हलले.

"नाही," ते म्हणाले. "मला हे काम आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांचा चेहरा लाल झाला. संध्याकाळपर्यंत 'प्रमुख, कार्यसमाधान' हे पद रद्द झालं. सिस्टिममध्ये वजाबाकी सापडली, ती शिस्तभंगाच्या कारवाईखाली होती. जुना पगार आणि टेस्टिंगला कायमची रवानगी, हीच शिक्षा. रडतरावलाही तिथेच ठेवलं, असमाधान पसरू नये म्हणून दोघांना एकत्र कोंडलेलं बरं.

मी आनंदाने ताईकडे पळत गेले. ताईने तर फ्रिजवर हात आपटून आरोळीच ठोकली. भाऊजी उशिरा आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, झालं ना तुमच्या मनासारखं?" ताई म्हणाली. "आता काय?"

"मी खोटं बोललो."

"बोललात एकदा. जग रोज बोलतं."

"तसं नाही गं." त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "त्याच्यासमोर बोललो. तो चालू होता."

ताई हसणार होती, मीही हसणार होते, पण दोघींनाही हसू आलं नाही. ताईने त्यांचे बूट काढले आणि म्हणाली, "मग उद्या गेल्या गेल्या त्याला खरं काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. भाऊजी कालच्याच पंपाजवळ वाकून, त्याच्या अंगावर हात ठेवून काहीतरी बोलत होते. आवाजात शब्द कळला नाही. रडतराव चार पावलं लांब, पाठ करून, एका कोरड्या पाइपाकडे निरखून पाहत उभा होता. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो वळला नाही.