सुर्वेबाईंच्या मागून चालताना

आम्ही एम.एस्सी.च्या जुन्या मैत्रिणी भेटलो की अभ्यासातलं कुणालाच काही आठवत नाही. थिअऱ्या गेल्या, त्यांची नावंही गेली. राहिले ते किस्से. कपाटात कोंबलेल्या पिशव्यांसारखे असतात ते, एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आठ वर्षं वॉर्डात नोकरी करून मी मुंबईला कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करत होते. फील्डवर्कसाठी मला आणि शैलाला लांज्याच्या आतल्या एका उपकेंद्रावर दोन महिने टाकलं. एप्रिल-मे. तिथल्या नर्स सुर्वेबाई. वय पन्नाशीचं, शिक्षण सातवी आणि वर नर्सिंगचं ट्रेनिंग. पाच वाड्या त्या पायी करायच्या. त्या पुढे, आणि आम्ही दोघी पदवीधर मागे, धापा टाकत.

*

आमचा सर्व्हे बारा पानांचा होता. कातळ तापलेला, चपलेतून चटके बसतायत, आणि मी अंगण सारवणाऱ्या बाईला विचारतेय, "कुटुंबप्रमुख कोण?"

"ममयला." म्हणजे मुंबईला.

"मग इथं कोण प्रमुख?"

तिने शेणाचा हात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "हितं कोन परमुख नाय. हितं निस्ती कामं."

रकान्यात मी तेच लिहिलं. कॉलेजातून वही परत आली तेव्हा समोर लाल शेरा होता: 'उत्तर अपूर्ण.'

*

कॉलेजचा नियम असा, की घरात कुणाला तपासण्याआधी हात धुवायचे आणि तपासून झाल्यावर पुन्हा धुवायचे. आम्ही इमानाने धुवायचो. विहीर उताराच्या पार तळाशी होती, हे आमच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका आजीने दुसरा तांब्या पुढे करत शांतपणे विचारलं, "बायनो, तुमचे हात हितं येऊनच कशे मळतात?"

चौथ्या दिवसापासून पाण्याच्या बाटल्या आमच्या खांद्यावर. संध्याकाळी खांदा चोळत शैला म्हणाली, "नियम बरोबर आहे गं. विहीर चुकीच्या जागी आहे."

*

जुलाबावर साखर-मिठाचं पाणी शिकवायची माझी पाळी होती. पोस्टर होतं, चमचा होता, सगळी तयारी होती. ज्या घरात शिरले तिथली आई जुलाब झालेल्या पोराला आधीच मीठ घातलेली पेज पाजत बसली होती, घोट-घोट, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखी. मी गुपचूप पोस्टर गुंडाळलं.

त्या रात्री रेकॉर्डबुकात लिहिलं: 'मातेस पेजेचे महत्त्व पटवून दिले.' दहापैकी नऊ मार्क पडले. इतके मार्क मला आधी कधी पडले नव्हते.

*

मग आमच्या मॅडम मुंबईहून तपासणीला आल्या. एसटीने अंग आंबलेलं, डोक्यावर ऊन. आल्या-आल्या त्यांनी सुर्वेबाईंना विचारलं, "गृहभेटीचं पहिलं तत्त्व कोणतं?"

सुर्वेबाईंनी जराही विचार केला नाही. "कुत्रा बांधलाय का ते बघायचं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि ते लिहून घेतलं.

*

शेवटच्या आठवड्यात वरच्या वाडीतली एक सून आठव्या महिन्यात सुजून गेली. डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी बीपी घेतलं, ते फार वाढलेलं होतं. तिला लगेच रत्नागिरीला न्यायला हवं होतं. सासू मात्र दारात बसून राहिली; तिचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, मुंबईला. "झिलग्याला पत्र टाकलाय. त्याचं उत्तर आल्याबिगर न्हेयाची नाय."

मी बीपी समजावून सांगितलं, धोका समजावून सांगितला, शेवटी हात जोडले. म्हातारी ढिम्म हलली नाही. घरात वाचता कुणालाच येत नव्हतं.

सुर्वेबाईंनी पिशवीतून एक निळं अंतर्देशीय पत्र काढलं. "अगो, विसरलेच मी. पोस्टमनने हे माझ्याकडेच दिलं." आणि वाचू लागल्या, "आई, हिला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात ने. माझी वाट बघू नकोस."

मी शेजारीच उभी होते. पत्र त्यांच्या बहिणीचं होतं, त्यात लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण होतं.

म्हातारी उठली. एका बागायतदाराची जीप मिळाली. रत्नागिरीला मुलगी झाली आणि दोघी वाचल्या.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मुंबईचं खरं पत्र आलं. म्हातारी ते घेऊन उपकेंद्रावर आली. सुर्वेबाईंनी उघडलं, मी खांद्यावरून वाचलं: 'मी येईपर्यंत तिला कुठे हलवू नका.'

सुर्वेबाईंनी चष्मा पुसला. "आई, तू शहाणपणा केलास, म्हणतोय. दोघींना जप, म्हणतोय."

म्हातारीने पत्र परत घेतलं, नीट घडी करून कनवटीला लावलं आणि उठता-उठता म्हणाली, "नर्सबाय, माजा झिलगा तुमच्या तोंडातनं लय शाना बोलतो."