एका टर्मची मुदत

एमबीएच्या पहिल्या टर्मचे किस्से सांगायला बसले की आई म्हणते, "तुम्ही तिथं शिकायला जात होता का नुसती गंमत करायला?" आता काय सांगू! किस्से काय आपण ठरवून करतो होय? ते आपोआप साठतात, स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधल्या रबरबँडसारखे. एक ओढायला जावं तर सहा हातात येतात. तर आज जेवढे हातात आले तेवढे ऐका.

आमचं त्रिकूट होतं. मी सुजाता, सोलापूर शहरातली, तोंडाळ म्हणून शाळेपासून नावाजलेली. दुसरा दत्ता, वळसंगचा, घरी शेती. तिसरा बसवराज, दुधनीचा, वडिलांचं धान्याचं अडत दुकान. पहिल्या दिवशी तिघं एका बाकावर बसलो आणि मॅडमनी बाकांप्रमाणे ग्रुप पाडले, एवढंच आमच्या मैत्रीचं कारण.

*

पहिलाच तास ओळखीचा. मॅडम म्हणाल्या, "टेल मी अबाउट युअरसेल्फ. तीन मिनिटं."

बसवराज उठला. त्यांच्याकडे ओळख सांगायची म्हणजे घर सांगायचं! आधी आजोबांनी दुकान कसं टाकलं ते सांगितलं. मग अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ते कसं वाढवलं. मग काका, आत्या, कुणाची सोयरीक अक्कलकोटला, कुणाची पार कर्नाटकात. तीन मिनिटं झाली, पाच झाली. मॅडम शेवटी म्हणाल्या, "व्हेरी नाइस. पण तू कोण?"

बसवराज गोंधळला. "मी त्यांचा मुलगा की, मॅडम!"

वर्ग फुटला. तो मात्र कानापर्यंत लाल.

डबा खाताना त्यानं खरं काय ते सांगितलं. अप्पांना हे एमबीए मुळीच मान्य नव्हतं. "दुकान चालवायला कॉलेज लागतंय व्हय? मी कुठल्या कॉलेजात गेलतो?" आईनं रडून-भांडून एक टर्म मिळवून दिली होती. अप्पांची अट अशी, की टर्म संपताना ते स्वतः येणार. पोरात काही फरक दिसला तर पुढं शिकू देणार, नाहीतर त्याच दिवशी घरी नेऊन दुकानात बसवणार.

"मला शिकायचंय गं," बसवराज म्हणाला. "लई शिकायचंय."

मी कसली गप्प बसते! म्हटलं, "घाबरू नको, कोण नेतंय बघतेच मी!" जणू काही अप्पा माझं ऐकणार होते.

*

आमच्या कॉलेजात सोमवारी टाय सक्तीचा. सोलापूरच्या उन्हात टाय! दत्ताला तो बांधता येत नव्हता. त्याच्या दाजींनी एकदा बांधून दिला होता. दत्ता तो फक्त सैल करायचा, डोक्यातून काढायचा आणि खिळ्याला अडकवायचा. दोन महिने झकास चाललं.

एका सोमवारी हा रडवेल्या चेहऱ्यानं फाटकाशी उभा. "सुजाता, घात झाला. आईनं टाय धुतला!"

माउलीनं गाठ सोडून, साबण लावून, चोळून धुतला होता. वर इस्त्रीही केली होती. आम्ही तिघांनी मोबाइलवर व्हिडिओ लावून खटपट केली, पण घंटा झाली तरी काही जमेना. मग दत्तानं डोळे मिटले आणि काहीतरी झटकन बांधून टाकलं.

वर्गात सरांनी निरखून पाहिलं. "इंटरेस्टिंग! कुठली नॉट आहे ही?"

"म्हशीची, सर," दत्ता म्हणाला. "जेवढी वढंल तेवढी घट्ट बसती!"

*

टाइम मॅनेजमेंटचं लेक्चर ऐकून मी अशी काही पेटले होते की विचारू नका! घरी येऊन रंगीत पेनांनी वेळापत्रक केलं. पहाटे वाचन, दुपारी केस स्टडी, संध्याकाळी 'सेल्फ डेव्हलपमेंट'. फ्रीजवर चिकटवलं. घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली, की या वेळांत मला हाक मारायची नाही.

दुसऱ्या दिवशी पाहते तर 'सेल्फ डेव्हलपमेंट'च्या पुढं आईच्या अक्षरात लिहिलेलं: 'गिरणीतून दळण आणणे.'

*

मग आला सर्व्हे. शेंगाचटणीबद्दल गिऱ्हाइकांची मतं जमवायची, पन्नास फॉर्म भरून आणायचे. शहरात मला लोक दारातूनच कटवत होते. दत्ता मात्र एका सकाळीत वळसंगहून पन्नास फॉर्म भरून घेऊन आला. आम्ही त्याला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं!

मॅडमनी फॉर्म चाळले. एक चाळला, दहा चाळले. कपाळाला आठ्या. "दत्तात्रय, सगळ्यांचं उत्तर एकच कसं? तिखटाबद्दल एकच मत, पाकिटाबद्दल एकच मत?"

"मॅडम, मी पारावर बसूनच विचारलं. पहिलं उत्तर आबांनी दिलं."

"कोण आबा?"

"गावात सगळ्यात थोरले. मग बाकीचे म्हनले, आबा म्हनले तेच लिव्ह."

मॅडमनी चष्मा काढला. "एकालाही वेगळं काही वाटलं नाही?"

"वाटलं की! पन आबांसमोर कोन सांगनार?"

*

पण खरा दंगा झाला तो निगोशिएशनच्या तासाला. एक विकणारा, एक घेणारा, वीस मिनिटं इंग्रजीत घासाघीस करायची. मार्क संवादकौशल्याला. माझी जोडी आधी झाली. मी विन-विन, लाँग टर्म रिलेशनशिप, सगळी शस्त्रं काढली आणि वीस मिनिटांनी समोरच्याशी भांडून खाली बसले.

मग बसवराज आणि दत्ता. दोघं समोरासमोर उभे राहिले. बसवराजनं खिशातून मोठा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला. रुमालाखाली बोटं हलली. दत्तानं मान हलवली. पुन्हा बोटं. बसवराज गालात हसला. अर्ध्या मिनिटात रुमाल खिशात!

"झालं, मॅडम."

"काय झालं?"

"सौदा!"

ही बाजारातली जुनी रीत. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. बसवराज लहानपणापासून बघत आलेला, आणि मधल्या सुट्टीत त्यानं ती दत्तालाही शिकवली होती. मॅडम हसावं की रागवावं अशा पेचात. "अरे, पण मी मार्क कशाचे देऊ? मला तर एक शब्द ऐकू आला नाही!"

"तेच तर, मॅडम!" बसवराज उत्साहानं म्हणाला. "शेजारच्यालाबी कळू नये म्हणून तर रुमाल!"

मार्क मिळाले शून्य. रात्री अप्पांचा फोन येणार होता, त्यांना हे सांगायचं की नाही, यावर आम्ही तिघांनी मतदान घेतलं. नाही सांगितलं.

*

आणि आली टर्मची शेवटची प्रेझेंटेशन्स! ओळखीच्या एका धंद्याचा अभ्यास करायचा, त्याची बलस्थानं आणि कमजोऱ्या मांडायच्या, सगळं इंग्रजीत. बसवराजनं स्वतःचंच दुकान घेतलं. मी त्याच्याकडून इतकी तयारी करून घेतली होती की मलाच ते पाठ झालं होतं.

प्रोजेक्टरसाठी दिवे घालवले, बसवराज सुरू झाला, आणि मागचं दार हळूच उघडलं. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. दुधनीचे अप्पा! फोटोतून मी त्यांना ओळखत होते. ते अंधारात चाचपडत येऊन नेमके माझ्या शेजारी बसले. बसवराजला स्क्रीनच्या उजेडात काही दिसत नव्हतं.

अप्पा कुजबुजले, "पोरी, काय म्हणतोय त्यो?"

बसवराज इंग्रजीत सांगत होता, की मालकाचा शब्द म्हणजे शब्द, शेतकरी डोळे मिटून विश्वास ठेवतात. मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग स्क्रीनवर कमजोऱ्या आल्या.

बसवराज म्हणाला, मालक कुणाचंही ऐकत नाही.

"म्हणतोय, मालक ठाम मताचे आहेत," मी म्हटलं.

बसवराज म्हणाला, मालक आधी ओरडतो आणि मग विचारतो.

"म्हणतोय, मालकांचा आवाज बाजारभर पोचतो."

"हं," अप्पा म्हणाले.

मग बसवराज थांबला. ही स्लाइड आमच्या तयारीत नव्हतीच. तो हळू म्हणाला, मालकानं दुकानातल्या माणसांना कधी शाबासकी दिली नाही, आणि त्या माणसांत त्याचा मुलगाही आहे.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हे... हे जरा टेक्निकल आहे, काका."

दिवे लागले. बसवराजला अप्पा दिसले आणि तो जागच्या जागी थिजला. मॅडमनी सवयीनं विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

अप्पा उभे राहिले. "मॅडम, मी ह्याचा बाप. ह्याला घेऊन जायला आलतो."

दत्तानं माझा हात दाबला.

"ही पोरगी लई चांगली हाय," अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं मला समदं गोड करून सांगितलं. पण मला इंग्रजी येत न्हाय तरी त्यो काय म्हणला ते कळलं. हेच त्याची आई मला पंचवीस वर्षं कानडीत सांगतीया!"

वर्ग खो खो हसला. बसवराज हसला नाही, अप्पाही हसले नाहीत. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग अप्पांनी पिशवी उचलली, एकटेच दारापर्यंत गेले आणि वळले.

"मॅडम, दुखणं काय हाय ते आमच्या घरात समद्यांना ठावं हाय. ह्याला आता औषध शिकवूनच पाठवा."