दुसऱ्यासाठी मागणारी माई

नवऱ्याला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा मला नामस्मरण सुचलं नाही, उलट माईचा राग आला. ऑपरेशन हृदयाचं होतं, डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती, मुलगी परदेशातून निघाली होती पण पोहोचली नव्हती. नेरुळच्या हॉस्पिटलात मी एकटीच बसले होते.

आमची माई शिरवण्याची, आम्हा भजनी मंडळींची गुरूच. नवरा लवकर गेला, बाजारात मासळी विकून तिनं घर चालवलं आणि दर गुरुवारी आपल्या ओटीवर भजन केलं. तिनं कुणाला अंगारा दिला नाही की गंडा बांधला नाही. तिचा नियम एकच. भजन संपलं की प्रत्येकानं देवापुढे ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घ्यायचं, पण ते आपल्या घरातलं नाही. कुणी लाडक्या नातवाचं नाव पुढे केलंच, तर ती हसून म्हणायची, “त्याच्यासाठी दुसरा कोनतरी मांगल. तू बाजूचा बग.” ती गेल्यावरही आम्ही हा नियम मोडला नाही.

आणि आज माझाच माणूस आत असताना त्याचं नाव घ्यायला गेले की माईचं ते हसू आडवं यायचं. म्हटलं, माई, ओटीवर ठीक होतं गं, इथे माझं कुंकू पणाला लागलंय. मनातल्या मनात बराच वेळ भांडले. शेवटी थकून, काहीशा नाइलाजानंच, शेजारी तसबीचे मणी ओढत बसलेल्या मुलीला विचारलं, “तुमचं कोण आहे आत?”

“अम्मी. हमीदा नाव हाय तिचं. आमी उरनचे.” मग जरा संकोचून ती म्हणाली, “तुमचे मिस्टर मोहन ना? नर्सनी हाक मारली तेवा ऐकलं. सकालपासून त्यांच्यासाठी पन दुआ मागते मी. आमचं अख्खं घर आलंय, तुमी एकट्याच दिसल्या.”

मला रडूच कोसळलं. तिनं माझा हात धरला. मी डोळे मिटून हमीदाबाईंचं नाव घेतलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. आता काय व्हायचं ते त्याच्या हाती, असं मनापासून वाटलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. हमीदाबाईही पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या. हा चमत्कार की डॉक्टरांचा हातगुण, ते मला ठाऊक नाही. मी देवाला नि डॉक्टरांना, दोघांनाही हात जोडते.

दुसरं कोणीतरी मागेल, हे माईचं बोलणं मला इतकी वर्षं नुसती समजूत वाटायची. मी तिच्याशी भांडत बसले होते तेव्हाही ते मागणं चालूच होतं, आणि मागणारीनं माईला कधी पाहिलंही नव्हतं.