गोष्टीतली रजियाबी

बेंबळीच्या बसस्टँडमागं रजियाबी पिंजारींचं गाद्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून कापूस पिंजायचं यंत्र त्या स्वतःच चालवतात. त्याची मोटर जळाली तेव्हा दुरुस्तीला मी गेले आणि इलेक्ट्रिकल डिप्लोमाची सुट्टी तिथंच घालवली. कापूस नाकात जाऊ नये म्हणून त्या पदर तोंडाला बांधतात आणि पदराआडून गिऱ्हाइकाला सुनावतात, "कापूस जुना हाय बाई, पण पिंजला की सुनंच्या बोलण्यापेक्षा मऊ व्हतोय." त्यांच्या घरात पहिल्यापासून मराठीच.

मी त्यांच्यावर गोष्ट लिहिली. संपादकांनी कळवलं, बाई मुसलमान वाटत नाही, थोडी भाषा आणा. माझी पहिलीच गोष्ट छापून येणार होती. मी पदराचा बुरखा केला, तोंडी "या अल्लाह, मैं लुट गई" घातलं आणि नवऱ्याच्या मयतावर त्यांना कोसळवलं. खरं ठेवलं ते फक्त नाव आणि गाव.

दिवाळी अंक गावात फिरला. शाळेत गोष्ट वाचून दाखवली. हळूहळू माणसं रजियाबींशी हिंदीत बोलू लागली. कुणी टिंगल करत नव्हतं. उलट आवाजात दया असायची.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि शेजारच्या लक्ष्मीबाईंसमोर गोष्ट वाचायला लावली. मयताचा प्रसंग आला तसं लक्ष्मीबाईंनी मला थांबवलं. त्यांनी सांगितलं, नवरा गेला त्या दिवशी रजियाबींनी दुपारी माती झाल्यावर सुई हातात घेतली होती. लक्ष्मीबाईंच्या लेकीचं लग्न परवावर होतं आणि रुखवताची गादी राहिली होती.

"तू वाईट लिहिलं न्हाईस, हर्षाली," रजियाबी म्हणाल्या. "पण ही बाई कोण? चाळीस वर्सं म्या हितं बोलले, ते कुठं गेलं?"

मी म्हणाले, संपादकांना पत्र लिहिते, चूक छापायला सांगते. त्यांनी विचारलं, ते पत्र शाळेत वाचतील का? मी अंक मिटून ठेवला.

तेवढ्यात पलीकडचा चहावाला बब्रुवान उशी न्यायला आला. वीस वर्षं तो त्यांना आत्या म्हणत आलाय, आणि उशीर झाला म्हणून कुरकुरला की त्यांच्या चार शिव्या खात आलाय.

"खालाजान, तकिया हुआ क्या?" त्यानं अदबीनं विचारलं.

रजियाबी त्याच्याकडं बघत राहिल्या. मग शब्द शोधत म्हणाल्या, "अभी... थोडा बाकी है." आणि यंत्राचं बटण दाबलं.